गपमहाराजांचं तेल

न्यूट्रल

पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत गाड्यांची रांग. बोनेट उघडी, माणसं गप. मधोमध खुर्चीवर तो. लोक त्याला गपमहाराज म्हणत, कारण तो ज्या गाडीत तेल ओतायचा तिचा गिअरबॉक्स गप बसायचा. आणि बसायचा, खोटं कशाला सांगू? माझ्या डोळ्यांदेखत एक टॅक्सी गिरणीसारखी घरघरत आली आणि मांजराच्या पावलांनी निघून गेली. कुणी हात जोडले, कुणी पाकीट काढलं.

पहिला

रांगेत माझी ताई होती. तिची व्हॅन डोंगरावरच्या वस्तीतून डायलिसिसच्या पेशंटना खालच्या हॉस्पिटलात नेते. त्यातले एक माझे भावोजी. उतारावर ती गाडी ब्रेकवर सोडत नाही, दुसऱ्या गिअरवर धरून उतरवते. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत. म्हणजे व्हॅनमधल्या सगळ्यांचा जीव त्या गिअरच्या दात्यांवर.

मेकॅनिकने सांगितलं होतं, दाते झिजलेत, खोलावं लागेल. खोलायचं तर व्हॅन बंद. आणि डायलिसिस थांबत नाही.

दुसरा

"हे सिंथेटिक आहे, पण बाजारातलं नाही," महाराज सांगत होता. "सिद्ध सिंथेटिक. रेणूरेणूवर जप झालाय. तुझी गाडी रडते लेकी, तिला शांती हवी." मग तो डबा दोन्ही हातांनी घुसळत बसला. मंथनाशिवाय अमृत नाही, म्हणे. तेल ओतून झाल्यावर त्याने गिअरबॉक्सखालच्या प्लगवर लाखेचा ठिपका दिला. लाख फोडली की सिद्धी उडाली, असं त्याचं सांगणं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. सवयीने विचारलं, ग्रेड कुठला? रांगेतून कुणी तरी म्हणालं, "मास्तर, प्रसादाची एक्सपायरी बघता का तुम्ही?" सगळे हसले. मी आठवण करून दिली की हेच तेल घेतलेल्या एका टेम्पोचा गिअरबॉक्स उतारावर जाम झाला होता आणि तो कठड्यावर आदळला होता. महाराजाचं उत्तर तयार होतं: टेम्पोवाल्याने लाख फोडली असणार.

तिसरा

व्हॅन खरंच गप झाली. ताई खूश, आणि मला त्या शांततेची धास्ती बसली. थर्मामीटर फोडला म्हणून ताप उतरत नाही. दाते होते तसेच झिजलेले होते. मग त्यांचा आवाज गेला कुठे?

संध्याकाळी घरामागे व्हॅन उभी होती. मी ताईला विचारलं, आजवर गिअर ऑइल ओतताना कधी डबा घुसळलास का? ती म्हणाली, कधीच नाही. तेल एकजीव असतं. ज्याच्यात काही तरी तळाला बसतं, तेच घुसळावं लागतं.

"लाख फोडू नकोस," ती म्हणाली. "उद्या ह्यांना न्यायचंय."

"म्हणूनच फोडायचीय."

खिडकीतून भावोजी बोलले, "फोड गं. सिद्धी उडाली तर उडू दे, मी उडायला नको."

रिव्हर्स

पाना ताईनेच लावला. प्लग निघाला आणि काहीच आलं नाही. तेल धारेने यायला हवं होतं. थोड्या वेळाने खाली ठेवलेल्या परातीत गोळे पडायला लागले. तिने एक गोळा फडक्यात घेऊन रॉकेलमध्ये धुतला. फडक्यावर उरला लाकडाचा बारीक भुसा.

सिद्धी ती हीच. तेलात फुगलेला भुसा झिजलेल्या दात्यांमध्ये गादीसारखा बसतो आणि खडखड दाबून टाकतो. मग तोच भुसा तेलाच्या वाटा बुजवतो. बेअरिंग कोरडं पडतं, तापतं आणि एखाद्या उतारावर अडकतं. तोपर्यंत ड्रायव्हरला सावध करणारा आवाज बंद झालेला असतो.

झिजलेला कीस धरायला प्लगच्या टोकाला चुंबक असतो; त्याला पोलादाचा एक तुकडा चिकटला होता, नखाएवढा. ताईने तो तळहातावर घेतला. कुठल्या गिअरचा, हे तिने विचारलं नाही.

सकाळी भावोजी दुसऱ्या गाडीने गेले. ताई परात घेऊन त्या रांगेपाशी पोचली. महाराज म्हणाला, हिचं मन शुद्ध नव्हतं. तिने परात त्याच्या पायांशी ठेवली आणि त्याचा डबा उचलला. घुसळला नाही, नुसता शेजारच्या बादलीत उपडा केला. आधी तेल आलं, मग तळाचा भुसा थपकन पडला. महाराज पहिल्यांदाच गप झाला.

मी रांगेतल्यांना सांगायचं ते सांगितलं. सिंथेटिक तेल चांगलंच असतं: थंडीत घट्ट होत नाही, तापलं तरी टिकतं. पण ते झिजलेला दाता उगवून देत नाही. कुठलं घालायचं ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तेल किती घट्ट हवं, तो आकडा बघा. डब्यावरचा दर्जा जीएल-चार की जीएल-पाच, तेही बघा, कारण चुकीचं तेल आतल्या पितळी रिंगा खाऊ शकतं. आणि कुणी काही ओतून "उघडू नका" म्हणाला, तर त्याच्यासमोरच उघडा.

दोघातिघांनी लाख फोडायला घेतली. बाकीचे काचा वर करून, आवाज न करता उताराकडे निघाले.

पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर तेवढा मागे थांबला. त्याचं तेल आदल्या दिवशीच ओतून झालं होतं.

"ताई, मग मी आता खाली उतरू कसा?"

"उतरू नकोस," ताई म्हणाली. "आधी उघड."