बोंडं घेऊन जा गे मारबत

पोळ्याला आमच्या घरी कोहळ्याची बोंडं होतात. लाल कोहळं, म्हणजे लाल भोपळा, किसायचं, गूळ घालून शिजवायचं, त्यात पीठ मळायचं आणि गोळे तेलात सोडायचे. दुसऱ्यांच्या घरी कणीक घालतात. आमच्याकडे तांदळाचं पीठ, कारण सासूबाई कुहीच्या, धानाच्या मुलखातल्या. त्यांचं प्रमाण मी कधी बदललं नाही. बदललं असतं तर त्या वरून खाली आल्या असत्या, आणि त्या एकदा आल्या की लवकर जायच्या नाहीत.

मला स्वतःला गोड चालत नाही, साखर आहे. तेव्हा बोंडं मी करते, खात नाही. पण लोक कसे खातात ते तर दिसतं ना! आमचे हे, म्हणजे नत्थूजी, पूर्वी मी नाव घेत नव्हते, आता कोण ऐकतं, तर यांनी पहिलं बोंड तोंडात घातलं की यांच्या डोळ्यांत पाणी येतं. सासूबाई गेल्यावरच्या पहिल्या पोळ्याला कुणाचं काही करायचं मन नव्हतं. मीच कढई चढवली. यांनी एक बोंड खाल्लं आणि डोळे पुसले. मी मनात म्हटलं, कौशल्या, हे आता तुला मरेपर्यंत करायचं आहे.

मुलगा दुर्गेश पुण्याला, मुलगी भारती रायपूरला. दिवाळीत सुनेला माहेर असतं, उन्हाळ्यात नागपूरला आपणहून येणाऱ्याला डॉक्टरकडे न्यावं, राहिला पोळा. पोळा जवळ आला की दुर्गेशचा फोन येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला. "आई, यंदा बोंडं करून राहिली का?" मी म्हणते, "करीन नाई तं काय!" मग तो घाईनं फोन ठेवतो. पोराला घराची आठवण येते, असं मी समजत होते.

मागच्या वर्षी मात्र तो म्हणाला, सुट्टीचं काही खरं नाही.

"बरं, नको येऊ," मी म्हटलं. "मी कुरिअर करते." मागे एकदा ते आले नव्हते तेव्हा मी मोठा डबा भरून पाठवला होता.

"नको नको, आई! येतो मी!"

"पाहा जी," मी यांना म्हटलं, "बोंडं कशी ओढून आणतात." हे पेपर वाचत होते. "हाव," म्हणाले आणि पेपर आणखी वर धरला.

खरं सांगते, माझी सगळी भिस्त त्या बोंडांवर होती. पुण्यात पोरांना सगळं मिळतं, घरबसल्या मिळतं. मिळत नाही ते एवढंच. तेवढ्यासाठी का होईना येतात, हे मला पुरे होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळे आले. दुर्गेश, मयुरा आणि त्यांची खुशी, वय आठ, आवाज मंगल कार्यालयातल्या लाउडस्पीकरचा. भारती आणि तिचा मुलगा पियूष. हा पोरगा दिसेल ती वस्तू उघडून बघतो. आल्या आल्या त्यानं आमचा मिक्सर उघडला, आणि जेवायच्या वेळेपर्यंत तो उघडाच होता. पोळ्याला मी परातभर बोंडं तळली. सगळ्यांनी खाल्ली, सगळे "छान" म्हणाले, यांनी डोळे पुसले. माझा पोळा झाला.

दुसरा दिवस मारबतीचा. बाहेरगावच्यांना सांगायचं तर, बांबू-कागदाच्या दोन उंच बाया, एक काळी आणि एक पिवळी, वाजतगाजत गावाबाहेर नेऊन जाळतात, आणि त्यांच्यासोबत गावाची सगळी पीडा धाडून द्यायची असते. एकानं पीडेचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी ओरडायचं, "घेऊन जा गे मारबत!" नागपूरच्या इतवारीत आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच मिरवणूक जाते. आमच्या घरचा नियम असा, की प्रत्येकानं आपली एक पीडा सांगायची आणि त्यावर कुणी वाद घालायचा नाही. हा नियमही सासूबाईंचा. एका वर्षी त्यांनी माझ्यादेखत "सुनेची जीभ" म्हटलं होतं, आणि मलाही सगळ्यांबरोबर ओरडावं लागलं होतं.

तर यांनी गुडघेदुखी धाडली. भारतीनं त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी धाडला. दुर्गेशनं सोमवारची मीटिंग. मग खुशी ओट्यावर चढली. नेमकी तेव्हाच मारबत वळणावर विजेच्या तारांखाली अडकली होती, माणसं बांबूनं तारा उचलत होती आणि ढोल थांबले होते. त्या शांततेत पोरीनं दोन्ही हात तोंडाशी नेले.

"आजीची बोंडं..."

आणि अख्ख्या गल्लीनं, सवयीनं, विचार न करता साथ दिली. "घेऊन जा गे मारबत!"

सगळ्यांत मोठा आवाज समोरच्या गोपिकाबाईंचा होता. त्यांना मी दरवर्षी ताट भरून पाठवते.

मी घरात आले, बोंडांचा डबा उचलला आणि टेबलावर आपटला. डब्याला पोचा आला, तोही आतल्या बाजूनं. एकेक करून सगळे आत आले आणि भिंतीला लागून उभे राहिले.

"कोणाकोणाले आवडत नाई? बोला."

"आजी, नियम आहे," खुशी म्हणाली. "वाद घालायचा नाही."

"तू चूप बस वं."

शेवटी भारतीनं तोंड उघडलं. "मले वाटे, दादाले आवडते. फोन करकरून तोच तं विचारते."

"मी कशाले विचारत होतो?" दुर्गेश उसळला. "एखाद्या साली आई नाई म्हणन म्हणून विचारत होतो! मले वाटलं, बाबाले आवडते. बाबाच्या डोळ्यात पाणी येते ना, आजीच्या आठवणीनं. मग कोण बोलन?"

सगळे यांच्याकडे बघू लागले. यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"दाढ दुखते," हे म्हणाले. "डावीकडची."

"कधीपासून?" मी विचारलं.

"मायनं पहिल्यांदा खाऊ घातलं तवापासून. मायले कोण सांगन? मग माय गेली, तवा मले वाटलं का आता..." इथे यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि आवाज खाली आला. "तं तू कढई चढवली. मले वाटलं, तुले हौस आहे."

हौस! किसणीवर बोटं माझी सोलून निघतात, धुरानं डोळे माझे जातात आणि म्हणे हौस! म्हणजे इतकी वर्षं या घरात बोंडं कुणालाच नको होती आणि सगळे एकमेकांसाठी दात पणाला लावत होते.

"चव छान असते, आई," मयुरा मध्ये पडली. गुणाची पोर आहे. "फक्त चवीपर्यंत पोचायला वेळ लागतो."

साखर गेली चुलीत, म्हटलं. मी डब्यातलं एक बोंड उचललं आणि सगळ्यांसमोर कचकन चावलं. बोंडाला काही झालं नाही. मी ते हळूच परत डब्यात ठेवलं, आणि मला रडू आलं, आणि रडू आलं याचा आणखी राग आला.

"मग आता तुम्ही येणार कशाले?" मी विचारलं.

"काहीतरीच काय, आई," दुर्गेश म्हणाला. हे काही उत्तर नव्हे. तेवढ्यात बाहेर ढोल सुरू झाले, पोरं पळाली आणि तो विषय तिथेच राहिला.

संध्याकाळी तान्हा पोळा. मोठा पोळा खऱ्या बैलांचा, तान्हा पोळा लहान पोरांच्या लाकडी बैलांचा. दुर्गेशचा लहानपणचा बैल खुशीनं माळ्यावरून काढला, झूल घातली, शिंगांना बेगड लावली, ओढायला गेली तर पुढचं चाक निखळून दोन तुकडे. खुशीनं भोकाड पसरलं, आणि ते लाउडस्पीकरवरून पसरलं. पियूषनं बैल उलटा करून बघितला. घरभर नजर फिरवली. मग टेबलावरच्या डब्याकडे गेला.

मी माजघरातून बघत होते. त्यानं बोंडात कंपासचं टोक खुपसलं, कंपास वाकला. मग हे उठले आणि ड्रिल मशीन घेऊन आले. आजोबा-नातू दोघंही मान खाली घालून काम करत होते, माझ्याकडे कुणी बघेना.

चौकात बैलांची रांग लागली. बक्षीस द्यायला गल्लीतले बाबाराव खुर्ची टाकून बसले होते. खुशीचा बैल खडखडत निघाला, खड्ड्यातून गेला, नालीच्या जाळीवरून गेला, मारुतीच्या देवळाला फेरी घालून परत आला. मागचं लाकडी चाक जरा डुगडुगत होतं. पुढचं बोंड जसंच्या तसं. बाबारावांनी वाकून बोटानं टकटक केलं.

"हे कोणतं लाकूड होय गा?"

"आजीचं!" खुशी ओरडली.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. गोपिकाबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मग मीही हसले, न हसून करते काय! पण दुसऱ्या दिवशी सगळे निघाले तेव्हा कुणाच्या पिशवीत माझं काही नव्हतं. दरवर्षी डबे कोंबताना चेन तुटायची. या खेपेला बॅगा सहज बंद झाल्या.

यंदा पोळा जवळ आला. दुर्गेशचा फोन आला. त्यानं गुडघ्याचं विचारलं, बाबांची दाढ काढली तिथलं विचारलं, कूलर काढून ठेवला का विचारलं. बोंडांचं नाव नाही. येणार का, हे मीही विचारलं नाही. विचारलं आणि नाही म्हणाला तर? भारतीचंही तसंच. बाजारातून मी सवयीनं कोहळं आणलं होतं, ते पलंगाखाली ढकलून दिलं. फळीवर वर्षभर तो लाकडी बैल उभा होता, बोंडाच्या चाकावर. मुंग्यांनीसुद्धा त्याचा नाद सोडला होता. मी येताजाता त्याच्याकडे बघत होते आणि चिडत होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी ओटा धूत होते. दारात ऑटो थांबला. आधी खुशीचा आवाज उतरला, मग खुशी. मागच्या ऑटोत भारती आणि पियूष. मी हातात खराटा घेऊन तशीच उभी.

"काहून आले?" माझ्या तोंडून निघून गेलं.

दुर्गेश बॅग उतरवता उतरवता थांबला. "काहून म्हणजे? पोळा आहे ना, आई."

त्याला वाटलं, मी विसरले. मी खराटा टाकला आणि चहा ठेवायला आत पळाले, कारण डोळे पुसायचे होते.

मारबतीच्या दिवशी पुन्हा सगळे गल्लीच्या तोंडावर. खुशी ओट्यावर चढली आणि उतरली. "मला यंदा काही पीडाच नाहीये," ती कुरकुरली. "आजी, तू सांग."

नियम असला तरी मी कधी काही सांगत नसते. मी आपली मागून ओरडणारी. पण चढले ओट्यावर, पदर खोचला आणि सासूबाई देतील तसा आवाज दिला.

"परतीची तिकिटं..."

"घेऊन जा गे मारबत!" गल्ली म्हणाली. गोपिकाबाई पुन्हा सगळ्यांच्या वर.

दुर्गेश माझ्याकडे बघत राहिला. "आई, तिकिटं कन्फर्म आहेत, मंगळवारी मला..."

"वाद घालायचा नाही," मयुरा म्हणाली. तिनं मोबाइल काढलासुद्धा होता. "नियम म्हणजे नियम." भारतीनं नवऱ्याला तिथूनच फोन लावला आणि रायपूरला काय ते कळवून टाकलं. दोन दिवस वाढले.

आता दोन दिवस हातात असले, पलंगाखाली कोहळं असलं, तर माणूस काय करील? मी किसणी काढली. तळणाचा वास घरभर गेला तसा घरातला आवाज कमी कमी होत गेला. दुर्गेश दारात येऊन उभा राहिला, कढईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाट मांडायला लागला. पियूष ड्रिल मशीन घेऊन आला, त्याला भारतीनं डोळे वटारून परत पाठवलं.

सगळे रांगेनं बसले. प्रत्येकानं एकेक उचललं. यांनी आपलं बोंड उजवीकडे धरलं, हळूहळू दाबलं, बऱ्याच वेळानं काहीतरी तुटल्याचा आवाज आला, आणि यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता कोणती दाढ?" मी विचारलं.

"दाढ नाई वं," हे म्हणाले. "माय आठवली." आणि दुसऱ्या बोंडासाठी ताट पुढे केलं.