उपाशी अळ्यांचा आठवडा

शिल्पा वाघचौरेच्या उपाशी अळ्यांनी सोमवार खाल्ला, तो सकाळी नऊच्या सुमाराला. प्रयोगशाळेच्या दाराशी ती सोमवारीच पोचली होती. चप्पल काढेपर्यंत मंगळवार लागला. हरभऱ्याच्या पिठावर पोसलेल्या दोनशे घाटेअळ्या किरकोळच होत्या. तुलनेसाठी ज्यांना काहीच द्यायचं नव्हतं, त्या सहा मात्र टम्म फुगलेल्या.

पाच वर्षं तिनं अळ्यांची विष्ठा मिलिग्रॅममध्ये तोलली होती. शुक्रवारी पाचच्या आत प्रबंध ऑफिसात दिला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे सगळं मुसळ केरात. आणि या भवान्यांना भूक लागली ती नेमकी आत्ता!

"सर, त्या दिवस खाताहेत," ती मार्गदर्शकांना म्हणाली.

डॉ. मुळिकांनी चष्मा पुसला. "मंगळवारात प्रथिनं किती?"

"मंगळवार संपला, सर."

"मग बुधवारचा नमुना काढून ठेवा. तक्त्यात रकाना रिकामा दिसता कामा नये."

तिला किंचाळावंसं वाटलं. पण सही सरांची लागणार होती. तिनं बुधवारचा कोपरा कापून ओव्हनमध्ये वाळवला; तेवढ्यात बाकीचा बुधवार फस्त झाला. गुरुवारवरून अळ्यांची आपसांत जुंपली. घाटेअळी शेजारणीलाही सोडत नाही, हे ठाऊक असून तिनं घाईत सहाही एका ट्रेमध्ये ठेवल्या होत्या. एकच उरली, अंगठ्याएवढी. गुरुवार तिनं एकटीनं संपवला.

उरलेला शुक्रवार शिल्पानं बरणीत घालून झाकण घट्ट लावलं. वळून पाहते तो अळी आतच, आणि कोषात गेलेली.

"हात लावू नका," सर म्हणाले. "कोष दुखावला तर पतंग निघणार नाही. पतंगाची नोंद नसेल तर मी सही करणार नाही."

"आणि शुक्रवारशिवाय प्रबंध द्यायचा कधी?"

"शुक्रवारीच. पाचच्या आत."

ती दातओठ खात बरणीसमोर बसून राहिली. अखेर कोष फुटला. पतंगानं सावकाश पंख वाळवले. तिनं नोंद केली, सरांनी सही केली, तिनं झाकण उघडलं. पतंग खिडकीतून निघून गेला.

शुक्रवार उजाडला. दूधवाला आला, नळाला पाणी आलं, नऊ वाजले, दहा वाजले. प्रबंध छातीशी धरून ती ऑफिसकडे पळाली. अकराच्या जागी भोक होतं, कडा नीट कुरतडलेल्या. पलीकडे संध्याकाळचे पाच वाजले होते आणि कारकून दाराला कुलूप लावत होता.