तीस इंच

विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाच्या बैठकीत हुमा शेखने पाण्याचा खड्डा मागितला, तेव्हा सगळ्यांना आधी वाटलं की मुलींसाठी पोहण्याचा तलाव हवाय.

"तलाव नाही, सर. बारा फूट लांबीचा खड्डा. एका टोकाला गुडघ्याएवढा खोल, पुढे उथळ होत जाणारा, आणि खोल टोकाला लाकडी अडथळा. स्टीपलचेसला लागतो. तीन हजार मीटर पळायचं, पस्तीस वेळा अडथळा ओलांडायचा. त्यातल्या सात वेळा पलीकडे पाणी."

"पळणार कोण?"

"गायत्री पावरा. एफवायबीए."

"आजवर किती शर्यती पळाली आहे ही?"

"स्टीपलचेसची एकही नाही. पण ती ऑलिंपिकला जाईल."

कुणीतरी हसलं. हुमा हसली नाही. 'यंदा तरतूद नाही' एवढं इतिवृत्तात लिहून बैठक पुढच्या विषयाकडे वळली, आणि हुमा दुपारच्या गाडीने नंदुरबारला परतली.

नंदुरबारच्या एका कॉलेजात ती खेळांची शिक्षिका होती. एके काळी स्वतः विद्यापीठाकडून अडथळ्यांच्या शर्यतीत पळालेली. गायत्री तिला आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्रीत दिसली होती. वाटेत एक नाला होता. त्याच्या अलीकडे सगळ्या मुली बावरल्या, छोटी पावलं टाकू लागल्या. गायत्रीने मात्र दहा पावलं आधीच कुठला पाय पुढे टाकायचा ते ठरवलं होतं आणि वेग जराही कमी केला नव्हता. ती दुसरी आली. पहिली कोण आली, हे हुमाला नंतर आठवेना.

हुमाचे वडील नजीरचाचा सुतार. चाळीस वर्षं दाराच्या चौकटी केलेले. लेकीने बैठकीत काय झालं ते सांगितलं, तेव्हा त्यांनी जुन्या सागाचे वासे काढून अंगणात ठेवले आणि गायत्रीला बोलावून घेतलं.

"कितलं उच्च पाहिजे, बेटी?"

"तीस इंच, चाचा. पुरुषांचा छत्तीस असतो."

"तीस म्हंजे तीसच. एक सूतभी इकडे तिकडे होवाव नही."

आठवड्याभरात पाच अडथळे तयार झाले. इतके जड की एक हलवायला चार मुली लागत. पाय लागला तरी पडायचे नाहीत. पडायची ती मुलगी.

खड्डा राहिला होता. गायत्रीचे आईवडील, भुरीबाई आणि दिलवरसिंग, धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यावर राहायचे. गुजरातेतली ऊसतोड संपवून परतताना ते लेकीला भेटायला वसतिगृहावर आले. मैदानावर चुन्याने आखलेला चौकोन बघून दिलवरसिंगांनी विचारलं, हे काय? गायत्रीने पावरी बोलीत समजावलं. ते दोघं गावी गेलेच नाहीत. तीन दिवस मैदानाच्या कोपऱ्यात कुदळ चालली.

खणून झाल्यावर भुरीबाई म्हणाल्या, "पाणी ओलांडायचंय तर पुरतंच का नाही ओलांडत?"

"दम जातो, आई. अडथळ्यावर पाय द्यायचा, जोर घ्यायचा. एक पाय कडेच्या उथळ पाण्यात, दुसरा बाहेर."

भुरीबाईंनी लुगडं खोचलं आणि त्या कोरड्या खड्ड्यात एक पाय आत, एक बाहेर, असं दोनदा करून पाहिलं. मग म्हणाल्या, "जमेल तुला."

लगेच जमलं नाही. पहिल्या दोन महिन्यांत गायत्रीचा घोटा सुजला, हनुवटी फुटली. मिरचीच्या हंगामात, मिरच्या वाळत घातलेल्या पथाऱ्यांकडून वारा सुटला की मैदानावर ठसका लागायचा. मग हुमा तिला धडगाव रस्त्याच्या चढावर पळवायची. रोज पहाटे साडेपाच ते आठ. तिसऱ्या वर्षी ती विद्यापीठाची सगळ्यात वेगवान मुलगी झाली. एका सत्कारात पाहुणे म्हणाले, "पहाडातली पोर, पळणं हिच्या रक्तातच आहे." गायत्रीने माईक घेतला आणि शांतपणे सांगितलं, "रक्तात नाही, सर. आमच्या पाड्यावर सगळे पळत नाहीत. मी हे शिकले आहे."

त्याच वर्षी तिची अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवड झाली. राष्ट्रीय शिबिरात जायचं तर तिथे दहा मिनिटांच्या आत शर्यत संपवायची होती.

मुलींच्या शर्यतीआधी मुलांची शर्यत झाली होती. अडथळे खाली घेतले गेले, बंदूक वाजली. गायत्री पुढे होती. तिसऱ्या अडथळ्यावर तिचा गुडघा लाकडावर आदळला. असं कधी होत नसे. पुढच्या फेरीत तोच अडथळा जवळ येताना तिने नीट पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. तीस नाही. छत्तीस. हा एक खाली घ्यायचा राहिला होता.

तिने उडी घेतली नाही. वर पाय दिला, उतरली, आणि मागे न बघता ओरडली, "ऊंचा है! पैर रखो!" मागच्या मुलीने ऐकलं. तिच्या मागच्या, दक्षिणेकडून आलेल्या मुलीला ते कळलं नाही. ती आपटली आणि पाय धरून शर्यतीबाहेर गेली. गायत्री सगळ्या फेऱ्या त्या अडथळ्यावर पाय देऊन पळाली. दहा मिनिटं अकरा सेकंद. पहिली.

हुमा धावत आली, तर गायत्री मुख्य पंचांसमोर उभी होती. गुडघ्यातून रक्त येत होतं.

"सर, तिसरा अडथळा मोजा. सहा इंच जास्त आहे."

"तू जिंकली आहेस, बाळा."

"मोजा ना, सर."

टेप आली. छत्तीस इंच. पंचांनी टेप पुन्हा एकदा लावून पाहिली. मग म्हणाले, शर्यत रद्द करावी लागेल, परवा सकाळी पुन्हा होईल.

हुमाने तिला बाजूला घेतलं. "गायत्री, सोनं हातात होतं गं. बोलायचं कशाला?"

"मॅडम, चुकीच्या उंचीवरची वेळ शिबिराला चालणार नाही. आणि ती पडलेली मुलगी माझ्यापेक्षा कमी नाही. तिच्याबरोबर नीट पळायचंय मला."

"गुडघा?"

"पट्टी लावा. परवा मी दहाच्या आत येते."

हुमाने पिशवीतून पट्टी काढली. दोन दिवस तिने गुडघ्यावर बर्फ लावला, तिला खिचडी खाऊ घातली, आणि झोपेच्या वेळी फोन काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंचांनी प्रत्येक अडथळा टेप लावून सगळ्यांसमोर मोजला. दक्षिणेकडची मुलगी पायाला पट्टी बांधून आली होती. शेवटच्या चार फेऱ्या दोघी खांद्याला खांदा लावून पळाल्या. शेवटच्या पाण्यावर त्या मुलीचे दोन्ही पाय पाण्यात पडले, गायत्रीचा एकच. तेवढ्या एका पावलाच्या फरकाने ती सुटली. नऊ मिनिटं सत्तावन्न सेकंद. दुसरी आलेली मुलगीही दहाच्या आत होती. दोघी शिबिराला एकाच गाडीने गेल्या.

पुढच्या तीन वर्षांत गायत्री परदेशात पळाली, दोनदा हरली, एकदा आजारी पडली आणि तिची वेळ हळूहळू खाली येत गेली. विद्यापीठाने मधल्या काळात पक्का ट्रॅक बांधला, पाण्याच्या खड्ड्यासकट. ऑलिंपिकच्या संघात नाव आल्याचं कळलं तेव्हा हुमा नव्या मुलींना अडथळे शिकवत होती. तिने फोन खिशात ठेवला आणि आधी तो सराव पूर्ण केला.

ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत प्रत्येक गटातून पहिल्या पाच जणी अंतिम फेरीत जाणार होत्या. शर्यत संपल्यावर पंधरा मिनिटांनी, नंदुरबारला टीव्हीसमोर बसलेल्या हुमाचा फोन वाजला. मागे स्टेडियमचा गलका होता.

"मॅडम, पाचवी आले. परवा फायनल."

हुमाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने आवाज नेहमीचाच ठेवला. "शेवटच्या फेरीत खांदे वर गेले होते तुझे. पाहिलं मी."

"हो मॅडम. परवा जाणार नाहीत."