मास्तरांच्या कापडाची उजवी बाही

रविवारच्या वर्गात मुलं गायनाचे पांढरे झगे घालून बसली होती. पहिल्या बाकावरच्या एका चोंबड्या मुलीनं झग्याच्या बाहीला नाक पुसलं आणि मग तीच बाही निरखत वर्ग घेणाऱ्या आजीला विचारलं, "आजी, सगळ्यांची उजवी बाहीच पिवळट का? धुवायची राहिली?"

"नाही गं. मी एकदा खोटं बोलले, त्याची ती बाही आहे."

आजीचं खोटं म्हटल्यावर कोण जागचं हलणार? आजी सांगू लागली.

तीस वर्षांपूर्वी मी ताईच्या, म्हणजे आमच्या मालकिणीच्या, शिवणकामाच्या दुकानात कामाला होते. सगळं भराभरा करायची, म्हणून मला सगळे भिंगरी म्हणत. कापड बेतायचं आणि कापायचं काम मास्तरांचं. म्हातारे, बायकोमुलं नसलेले, सगळा जीव कात्रीत. हे बारा झगे शिवायला आले तेव्हा मास्तरांनी बाहीचा कागद आखून दिला आणि ते जेवायला गेले. म्हटलं, ते येईपर्यंत बाह्या कापून टाकू. मी कापडाचे चोवीस थर एकावर एक रचले, वर कागद ठेवला आणि कचाकच कात्री चालवली.

कापडाची एक बाजू चमकदार होती. थर जोडीजोडीनं, चमकदार बाजू समोरासमोर येतील असे ठेवायचे असतात, म्हणजे एक बाही डाव्या हाताची निघते, एक उजव्या. मी सगळ्या चमकदार बाजू वर ठेवल्या होत्या. चोवीसच्या चोवीस बाह्या डाव्या!

"बारा मुलं आणि चोवीस डावे हात!" ताईनं कपाळावर हात मारला. "अगं, हे काय गं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तरांनी आखलं तसंच कापलं."

जेवून आलेल्या मास्तरांनी बाह्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "कागद बरोबर होता, बाई," एवढंच ते ताईला म्हणाले. माझं नाव काही घेतलं नाही.

"मास्तर, आता तुम्हाला दिसत नाही," असं म्हणत ताईनं त्यांची कात्री खिळ्याला अडकवली. "उद्यापासून तुम्ही बटणं लावा."

दोन दिवस मास्तर बटणं लावत होते आणि ती कात्री माझ्या डोक्यावर लटकत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन थांबवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, थर मी चुकीचे रचले. मास्तरांवर खोटा आळ घातला."

ताईचा आवाज गल्लीपर्यंत गेला. तो मला ऐकून घ्यावाच लागला. मग तीच खाली मान घालून मास्तरांकडे गेली. "मास्तर, मीही न विचारता तुम्हाला बोलले. चुकलं माझं."

"अहो, सोडा," मास्तर हसले. "आधी माझी कात्री द्या. बटणं लावून लावून माझंच बटण झालंय."

"तुम्हाला माहीत होतं, मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"मी सांगितलं असतं तर तू सापडली असतीस, पोरी. तू सांगितलंस म्हणून सुटलीस."

माफी मिळाली, पण उजव्या बाह्या कुठून आणायच्या? झगे रविवारी हवे होते आणि तसलं कापड संपलं होतं. तेव्हा मास्तरांनी आपल्या पेटीच्या तळातून एक पांढरी घडी काढली. ठेवून ठेवून थोडी पिवळसर झालेली.

"हे काय?" ताईनं विचारलं.

"माझ्या शेवटच्या प्रवासाचा पोशाख शिवायला ठेवलंय. पण मला काही घाई नाही. तिकडून कोणी बोलावलेलं नाही अजून."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडू नको, डाग पडतील. थर रच. आणि या वेळी सगळे उलटे, म्हणजे उजव्या निघतील!"

एवढं ऐकून चोंबडी म्हणाली, "पण त्यांनी तर काहीच केलं नव्हतं! माफ केलं तेवढं पुरे होतं की."

"माफीनं बाही उगवत नाही, बाळा. मोडलेलं कोणाला तरी जोडावं लागतं. मी जोडू शकत नव्हते, माझ्याकडे कापडच नव्हतं. ज्यांची काही चूक नव्हती त्यांनी आपलं दिलं, आणि तेही हसत. प्रभू येशूनं क्रूसावर आपल्यासाठी काय केलं, हे मी पुस्तकात कितीदा वाचलं होतं. पण मला ते कळलं त्या टेबलापाशी, थर रचताना."

"मग मास्तर गेले तेव्हा?" मागून एकानं हळूच विचारलं.

"एक्याण्णव वर्षांचे होऊन गेले. त्यांचा पोशाख मीच शिवला. बाह्या तीनदा तपासल्या. एक डावी, एक उजवी."

मुलं खळखळून हसली. चोंबडीचं नाक पुन्हा वाहायला लागलं होतं. तिनं उजवा हात उचलला, बाहीकडे पाहिलं, आणि डाव्या बाहीला नाक पुसलं.