पलटण सोडताना

"टेक्सासच्या हीटमध्ये हा वूलन कोट कशाला, यार? डोनेट करून टाक," आसावरी नवऱ्याला म्हणाली.

"परत द्यायचाय. पलटणीचा रूल आहे," उल्हास म्हणाला, आणि पुसून झालेली पितळी बटणं पुन्हा पुसू लागला. दुसऱ्या दिवशी सामानाचा ट्रक यायचा होता, अर्विंगला नवी नोकरी होती, आणि हा माणूस सकाळपासून नुसता उठबस करत होता.

रूल कसला, एकोणिसाव्या शतकातला कायदाच होता, राज्याच्या स्वयंसेवक पलटणींसाठी केलेला. स्टेट कॉलेज नावाच्या त्यांच्या गावातली काही हौशी माणसं शनिवारी मैदानावर जुन्या पलटणीसारखी कवायत करत, तीही त्या कायद्याबरहुकूम. कॅप्टन हॅरॉल्ड, एके काळचा कॅम्पस बसचा ड्रायव्हर, त्यातलं अक्षरही इकडचं तिकडे होऊ देत नसे. फक्त गोऱ्या नागरिकांनाच भरती करावं, एवढं एक कलम त्याने उल्हास पहिल्यांदा आला त्या दिवशी स्वतःच खोडून टाकलं होतं.

ग्रीन कार्डाच्या रांगेत उल्हासचं तारुण्य गेलं. नोकरीवरून काढलं त्या दुपारीच ऑफिसच्या दाराने त्याचा बॅज ओळखणं सोडलं. या देशात त्याचं नाव मोठ्याने पुकारलं जाई ते एकाच ठिकाणी, पलटणीच्या हजेरीत, 'उल-हॅस' असं का होईना. आता गाव सोडणाऱ्याने सगळ्यांसमोर 'मी जातो' म्हणायचं, आणि मग त्याचं हजेरीतलं नाव खोडायचं, हाही कायदाच. त्याचीच त्याला धास्ती होती.

मैदानावर त्याने घडी घातलेला कोट पुढे केला. पलटण सोडून जातोस का, हॅरॉल्डने रीतसर विचारलं.

उल्हासने तोंड उघडलं. लहानपणी 'जातो' म्हणून उंबरा ओलांडला, की आई परत बोलावून पाटावर बसवायची आणि नीट म्हणून घ्यायची. चाळिशी उलटली तरी तो शब्द जिभेवर येईना.

"येतो," तो म्हणाला. मग इंग्रजीत, "आय विल कम."

रांगेत कुणीतरी हसलं. हॅरॉल्ड हसला नाही. त्याने कोट घेतला आणि नाव खोडायला काढलेली पेन्सिल परत कानावर ठेवली. "हा जातो म्हणालेला नाही," तो सगळ्यांना म्हणाला. "म्हणजे रजेवर आहे."

अर्विंगच्या पहिल्या शनिवारी आसावरी किराणा घेऊन दुकानाबाहेर आली. गाडीत उल्हास ताठ बसला होता, नजर समोर. तिने घड्याळ पाहिलं. तिकडे हजेरी चालू असणार. ती पिशव्या धरून उन्हातच थांबली. काचेआड त्याचे ओठ हलले.

"हजर."

मग तिने दार उघडलं.