इशिदाबाईंचा डबा

तेराव्याला जमलेली मंडळी पांगली, घासलेली पातेली ज्याची त्याच्या घरी गेली, तरी फ्रिजवरचा लाल डबा हलला नव्हता. शेजारच्या इशिदाबाईंचा. लाखेचा, दोन मजली, कडेला काळी रेघ.

"तो देऊन टाक ना एकदाचा," पद्मिनीचा नवरा अनिल म्हणाला. "रोज दूध काढायला गेलो की माझ्याकडे बघत असतो."

"सुतकात कसा देणार? रिकामा देता येत नाही, आणि सुतकातलं घालून चालत नाही."

"तेरावं झालं, सुतक फिटलं. आणि लग्न झालेल्या मुलीला तर तीनच दिवस असतं. गुरुजींनी फोनवर सांगितलंय. माझ्यासमोर."

पद्मिनी ओटा पुसत राहिली. मघाशीच पुसून झाला होता.

तिची आई, शरयू, डिसेंबरात नागपूरहून अमेरिकेत ॲन आर्बरला आली होती. नागपूरच्या उन्हात आयुष्य काढलेली बाई, पण बर्फाला बिचकली नाही. पहिल्याच आठवड्यात इशिदाबाई हा डबा घेऊन मागच्या दाराशी आल्या. त्या विद्यापीठात जपानी शिकवायच्या, साठीच्या होत्या, एकट्या राहायच्या. आईकडे इंग्रजीचे मोजके शब्द. तिने पायरीवरच्या बर्फात बोटाने मासा काढला, शेपटीसकट, आणि बुटाने खसाखसा पुसून टाकला. इशिदाबाई पोट धरून हसल्या. तेव्हापासून दोघींचं जमलं ते जमलंच. डेट्रॉइटच्या बाजूला त्या दिवसांत मोटारींचे कारखाने बंद पडत होते आणि जपानी गाड्यांवर लोकांचा राग होता. इशिदाबाईंच्या टोयोटावर कुणीतरी खिळ्याने ओरखडा काढला, त्या दिवशी आई त्यांच्याकडे गरम शिरा घेऊन गेली होती.

हा सगळा प्रकार पद्मिनी खिडकीतून बघायची. पण तिने वाचलेलं होतं. आईला नागपूरला पोचवताना दोन दिवस टोकियोत थांबून तिला जपान दाखवायचा बेत होता, आणि ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या पद्मिनीने त्या निमित्ताने जपानवरची अर्धी फळी संपवली होती. बूट कुठे काढायचे, भातात चॉपस्टिक्स उभ्या का खोचायच्या नाहीत, सगळं तिला ठाऊक होतं. प्रवाशांसाठीच्या एका पुस्तकात लिहिलं होतं, की जपान्यांची साधी भाजीसुद्धा सुक्या माशाच्या पाण्यात शिजते आणि विचारून उपयोग नाही, कारण त्या पाण्याला ते मासा समजतच नाहीत. डबा उघडला की समुद्राचा वास यायचाच.

"आई, त्यात माशाचं पाणी असतं."

"नसतं गं. मी मासा काढून दाखवलाय तिला."

"तू काढलास. तिला काय कळला?"

"तुझ्यापेक्षा बरा कळला," आई म्हणाली, आणि तो विषय तिथेच राहिला.

पुढे दर बुधवारी पद्मिनी कामावरून आली की डबा ओट्यावर असायचा. आई आपल्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची. पद्मिनी डबा सिंकमध्ये उलटा करायची आणि खालचं, खरकटं दळणारं ग्राइंडर चालू करायची. ते घरभर खरखरायचं. दुसऱ्या दिवशी आई त्याच डब्यात काहीतरी भरून तो परत न्यायची. बेसनाचे लाडू, चिवडा, एकदा पुरणपोळ्या. रिकामं भांडं शेजारी परत करायचं नाही, काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची, हा तिचा दंडक.

मार्चमध्ये आईचं हृदय थांबलं. त्या दुपारी इशिदाबाई दारात आल्या, वाकून नमस्कार केला, डबा दिला आणि गेल्या. पद्मिनीने तोही सिंकमध्ये उलटा केला. हात आपोआपच गेला. ग्राइंडर थांबल्यावर घर इतकं गप्प झालं, की ती तिथेच खाली बसली.

शेवटी शनिवारी तिने डब्यात साखर भरली. चिमूटभर नाही, चांगली वाटीभर. दुसरं काही सुचलं नाही.

इशिदाबाईंनी झाकण काढलं आणि त्यांचे डोळे बारीक झाले. "साखर. तुझ्या आईनी, शरयू-साननी, सांगितलं होतं मला. आमच्याकडे काही नसेल तर काड्यापेटी ठेवतात. ती म्हणायची, तुझी काडी, माझी साखर, चहा तरी होईल." मग म्हणाल्या, "बस. तिथे नको. ती तिची जागा."

खिडकीशी एक निळी उशी होती, मधोमध दबलेली.

"आई इथे बसायची?"

"दर बुधवारी. तू कामावर गेलीस की. इथेच जेवायची. तिळाचा तोफू आधी. ती त्याला 'खरवासु' म्हणायची, का ते मला अजून माहीत नाही. माझी आजी देवळाच्या स्वयंपाकघरात होती, तिच्या हातचं हे जेवण. मासा नाही, कांदा-लसूणही नाही. समुद्रातल्या शेवाळाची, कोंबूची पट्टी आणि वाळलेल्या अळंबीचं पाणी, बस. घरात कुणी गेलं की आमच्याकडे हेच करतात."

पद्मिनीने उशीवरून नजर काढली. "मग डबा?"

"डबा तुझा. ती मोडक्या शब्दांत, हातवारे करून सांगायची, मुलगी दमून येते, तिला फार आवडतं, कण उरत नाही." इशिदाबाई पुढे झुकल्या. "पण काय आवडतं, ते तिने कधी सांगितलं नाही. तुला त्यातलं काय आवडायचं?"

वाचलेली सगळी पुस्तकं पद्मिनीच्या मदतीला धावली.

"मिसो सूप," ती म्हणाली.

इशिदाबाईंनी डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "डब्यात?"

छपरावरून बर्फाचा एक थर घसरून अंगणात पडला. पद्मिनीला आठवलं. आईने एकदाही विचारलं नव्हतं, कसं होतं गं? एकदाही नाही. ग्राइंडर खरखरायचं, लोटलेल्या दाराआड आई ते ऐकायची, आणि सकाळी उठून लाडू वळायची. लेकीची लाज ती दर आठवड्याला लाडवांखाली झाकून शेजारी पाठवत होती.

"मी टाकून देत होते," पद्मिनी म्हणाली. "सगळं. शेवटचंसुद्धा. मला वाटलं, मासा असेल. वाचलं होतं मी."

"मला विचारलं नाहीस."

"नाही."

"तिला माहीत होतं?"

"हो."

इशिदाबाई उठल्या. साखर त्यांनी एका बरणीत काढली, सांडलेले दाणे बोटाने टिपले. डबा पुसला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. पद्मिनीने तो जाताना पाहिला. आता तो आपल्या घरी येणार नाही, हे तिला कळलं, आणि ते बरोबरच होतं. ती दारापर्यंत गेली, बुटांत पाय घातले.

"मला एकदा खाऊ घालाल?" पाठमोरीच ती म्हणाली. "इथे. तुमच्यासमोर."

मागे बरणीचं झाकण फिरलं.

"उद्या ये," इशिदाबाई म्हणाल्या. "भूक घेऊन ये. वाचून येऊ नकोस."

रविवारी ती गेली तेव्हा खिडकीशी, निळ्या उशीपुढे, एक वाटी आधीच वाढलेली होती. दुसरी तिच्यासमोर आली. पांढुरकी वडी, हात लागताच थरथरणारी. पद्मिनीने चमच्याने कोपरा तोडून तोंडात घातला. भाजलेले तीळ. जिभेवर विरघळणारी, मऊ, गार. खरवस.

"कसं आहे?" इशिदाबाईंनी विचारलं.

पद्मिनीने होकारार्थी मान डोलावली. ती वर उचलायला मात्र तिला जमलं नाही. वाटी संपेपर्यंत ती तशीच, खाली बघत खात राहिली, आणि इशिदाबाईंनी पुन्हा काही विचारलं नाही.