एकसष्टाव्या पानापुढे

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मला चाके नाहीत, दांडा नाही, अंगावर गंज चढत नाही; त्यामुळे मी किती म्हातारा झालो आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ठिपक्यांची पुस्तके छापणाऱ्या एका छोट्या छापखान्यात, खिडकीजवळच्या संगणकात मी राहतो. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ती माणसे कागदावरचे उठावदार ठिपके बोटाने वाचतात, हे तुम्हाला मी काय सांगावे! कोणी साधा मजकूर टाइप करून दिला की मी त्याचे ठिपके करतो, त्याची पाने पाडतो आणि प्रत्येक पान वेगळ्या फाइलमध्ये नीट रचून ठेवतो. मग यंत्र ती पाने खटखट उमटवते.

मला घडवले प्रोग्रॅमर बाईंनी. बाई भारी शिस्तीच्या होत्या. त्यांच्या टेबलावरची पेनेसुद्धा एकाच दिशेला तोंड करून झोपत. त्यांनी प्रत्येक पुस्तकासाठी एक फोल्डर ठरवले आणि त्याच्या पोटात आणखी चार. 'मूळ'मध्ये माणसांनी लिहिलेला मजकूर असायचा. तो मी फक्त वाचायचा, त्याला हात लावायचा नाही. 'मधले'मध्ये माझा अर्धवट कामाचा पसारा. 'तयार'मध्ये छपाईला जाणारी पाने. आणि चौथे 'दुरुस्त्या'. माझे ठिपके कुठे चुकले, तर कोणत्या ओळीत काय काढायचे आणि काय घालायचे याची यादी माणसाने तिथे लिहायची. पुस्तक पुन्हा बनवताना मी ती यादी वाचून आपल्या चुका सुधारायचो.

आणखी एक नियम होता. नवी पाने भरण्याआधी 'तयार' पूर्ण रिकामे करायचे. नाहीतर जुनी पाने नव्यांत मिसळून घोटाळा होतो.

"हे बघ, 'तयार' म्हणजे जेवायचं ताट," संगणक चालवणाऱ्या मुलीला बाईंनी बजावले होते. "दर वेळी घासून स्वच्छ होणार. त्यात आपलं काही जपून ठेवायचं नाही." एवढ्यावर न थांबता त्यांनी माझ्याकडून 'तयार'मधल्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक ओळ लिहवून घेतली: 'हे पान यंत्राने केले आहे. इथे हाताने बदल करू नये.' ही ओळ फक्त पडद्यावर दिसायची. कागदावर तिचे ठिपके उमटत नसत.

ती मुलगी म्हणजे मास्तरांची भाची. आणि मास्तर म्हणजे आमच्या छापखान्याचे मुद्रितशोधक. जन्मापासून आंधळे, पण त्यांच्या बोटाखालून चूक निसटली असे कधी झाले नाही. सुरुवातीला त्यांनी मला खूप नावाजले. "हा गडी बरा आहे," ते म्हणायचे, "रजा मागत नाही आणि गप्पाही मारत नाही." त्या दिवसांत माझ्या अंगावर मूठभर मांस चढले, तेही अंग नसताना.

पुढे बाईंना दूर नोकरी लागली. त्या गेल्यानंतर मला आतून कोणी उघडून पाहिले नाही. जोडाक्षरे आणि दशांशचिन्हे यांत मी पहिल्यापासून कच्चा होतो, तो तसाच राहिलो. मास्तर बोटाने चुका शोधत, कागदावर नखाने खूण करत आणि भाचीला सांगत. ती काही दिवस 'दुरुस्त्या'त लिहीत होती. पण एका ठिपक्यासाठी चार ओळी लिहाव्या लागत. एके दिवशी तिने सरळ 'तयार'मधले पान उघडले, ठिपका बदलला आणि छापायला दिला. काम चुटकीसरशी झाले. पुस्तके तेव्हा वीस-तीस पानांची आणि एकदाच छापायची असत, म्हणून काही बिघडलेही नाही. मग तीच सवय पडली. डोक्यावरची ओळ ती रोज पाहत होती, म्हणूनच ती तिला दिसेनाशी झाली.

आणि मी? मी दर वेळी 'दुरुस्त्या'त डोकावायचो. ते फोल्डर रिकामे. मला वाटले, आता माझ्या हातून चुकाच होत नाहीत. मित्रांनो, मी मनातल्या मनात किती फुगलो होतो, ते आठवले की आजही लाज वाटते.

मग एका शाळेकडून गणिताचे पुस्तक आले. तीनशे चाळीस पानांचे. मास्तरांना तेव्हा साखरेच्या आजाराने गाठले होते आणि बोटे बधिर होत चालली होती. हे फक्त भाचीला ठाऊक होते.

"मामा, आज पुरे करा," ती म्हणायची.

"बोट आहे तोवर हे एक पुस्तक हातावेगळं करू दे गं. लहानपणी माझ्या गणिताच्या पुस्तकात दशांशचिन्हंच चुकली होती. उत्तर कधी जुळायचं नाही. गुरुजी म्हणायचे, तू मठ्ठ आहेस. मी ते खरं मानलं आणि शाळा सोडली. फार वर्षांनी कळलं की पुस्तक मठ्ठ होतं." एवढे बोलून ते हसले आणि पुढची ओळ वाचू लागले.

रोज पाच पाने, असे पावणेतीन महिने ते वाचत होते. भाची प्रत्येक दुरुस्ती 'तयार'मध्ये करत होती. खुणा केलेले कागद तिने चुरगाळून पुस्तकांच्या पार्सलांत भरले, वाटेत कोपरे दुमडू नयेत म्हणून. सगळे संगणकात होतेच, मग कागद कशाला सांभाळायचे?

काम संपले त्याच आठवड्यात शाळेचे पत्र आले. तिसऱ्या धड्यात एक ओळ राहून गेली होती. भाचीने ती 'मूळ'मध्ये घातली आणि मला म्हटले, 'बनव'. एक ओळ वाढली की पुढचे प्रत्येक पान खाली सरकते. मी 'मूळ' वाचले. 'दुरुस्त्या' पाहिले, ते रिकामे होते. 'तयार' घासून पुसून स्वच्छ केले आणि पुन्हा भरले. अकरा सेकंद लागले. मग ऐटीत पडद्यावर लिहिले: 'तीनशे एकेचाळीस पाने तयार. दुरुस्त्या: शून्य.'

तिने नमुन्याचे पान छापून मास्तरांना दिले. त्यांचे बोट मध्येच थांबले.

"अगं, हे जुनं पान दिलंस."

"नाही मामा, आत्ताचंच आहे."

तिने दुसरे पान उघडले, तिसरे उघडले. सगळीकडे जुन्या चुका परत आल्या होत्या. तिने बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "तो रिकामं करूनच भरतो गं. मी सांगितलं होतं ना."

"पहिल्या ओळीतच लिहिलं होतं, मामा," फोन ठेवून भाची रडत म्हणाली. "रोज डोळ्यांसमोर होतं."

"मला कुणी वाचून नाही दाखवलं," मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग त्यांनी बाह्या सारल्या. "चल. पहिलं पान दे."

या वेळी भाची प्रत्येक चूक 'दुरुस्त्या'त लिहू लागली, चार-चार ओळी, कंटाळा न करता. पण मास्तरांचे उजवे बोट आता साथ देत नव्हते. ते डाव्या बोटाने वाचू लागले. रोज पाचाची तीन पाने झाली, मग दोन, मग एक. असे साठ पानांपर्यंत आले.

एका दुपारी भाचीने एकसष्टावे पान त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी बोट फिरवले, मग तळहात फिरवला.

"हे पान कोरं दिलंस का गं?"

पानावर सव्वीस ओळी होत्या. भाचीने पानाकडे पाहिले आणि मामांकडे पाहिले.

"हो मामा," ती म्हणाली. "चुकून दिलं."

"असू दे. उद्या बघू," म्हणत त्यांनी ते पान चारी कोपरे जुळवून गठ्ठ्यावर ठेवले. दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी बसले नाहीत. त्यानंतरही कधी बसले नाहीत. मला वाटते, त्यांना सगळे कळले होते.

शाळा सुरू व्हायची होती, म्हणून पुस्तक तसेच छापून गेले. साठ पाने मास्तरांची, पुढची सगळी माझी. आजही कोणी 'बनव' म्हटले की मी ती यादी वाचत जातो. साठाव्या पानापाशी ती संपते आणि मी एकटाच पुढे जातो.

मित्रांनो, काही पुसण्याआधी, रिकामे करण्याआधी, त्याला कोणाचा हात लागला आहे का, एवढे विचारत जा. मला विचारता येत नव्हते. आणि काही सूचना लिहिली असेल, तर ज्याला ती दिसत नाही त्याला वाचून दाखवा.

गणिताचे ते पुस्तक आता तुमच्याच हातात आहे. एकसष्टाव्या पानापुढे उत्तर जुळले नाही, बोट अडले, तर चूक छापखान्याला कळवा. भाची ती यादीत लिहिते आणि मास्तरांना वाचून दाखवते. तोवर स्वतःला मठ्ठ म्हणू नका. मठ्ठ मी आहे.